पळून गेली असेल

एक काळी बाई अमेरिकेच्या राजधानीत ऑफिस थाटून बसलीय. हरवलेली माणसं शोधायची, हे तिचं काम. कुठली माणसं? ज्यांच्यासाठी पोलिसांची गाडी सावकाश निघते आणि पेपरवाल्यांचा कॅमेरा निघतच नाही, ती. काळी माणसं, तिथले आदिवासी, बाहेरदेशातून पोटासाठी आलेले. बाईचं नाव गॅबी मोझली. शाळकरी वयात तिलाही एकानं पळवून कोंडून ठेवलं होतं. आता ती मोठी झालीय, पत्रकारांसमोर उभी राहते आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरते.

ही मालिका आहे. नाव 'फाउंड', म्हणजे सापडलं. एनबीसी वाहिनीवर 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, दोन हंगाम चालली, 2025 च्या मे महिन्यात वाहिनीनं ती बंद केली. लिहिणारी-उभी करणारी नकेची ओकोरो कॅरोल, स्वतः काळी बाई. गॅबीचं काम केलंय शनोला हॅम्प्टननं. मी ही मालिका मोबाईलवर पाहिली. बंदरात कंटेनरचं लॅशिंग करतो मी, कंत्राटी. बोट लागायला उशीर झाला की शेडमध्ये बसून, नाहीतर घरी पोटमाळ्यावर, बायकापोरं झोपल्यावर. माझं इंग्रजी दहावीपुरतं. पण काही गोष्टी कळायला इंग्रजी लागत नाही. पोलीस टेबलाच्या पलीकडं बसलेला असतो, आई अलीकडं उभी असते, आणि तो पेन हातात घेत नाही. हे मला पहिल्या झटक्यात कळलं.

आधी जमेची बाजू सांगतो. आपल्यातल्या काहींना अमेरिकेचं काही आलं की नाक मुरडायची सवय आहे. ते मला पटत नाही. 1966 साली ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली, तिचं नाव 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं. तेव्हा कोणी विचारलं नाही की एवढ्या लांबचं नाव कशाला. तर या मालिकेत काळ्या माणसाचं दुःख दुसरा कोणी सांगत नाही. टीव्हीवर आजवर काळी आई दिसायची ती रडताना, मागच्या बाजूला, दोन सेकंद. इथं ती बोलते, भांडते, चुकते, खोटंही बोलते. गॅबी देवी नाही. आणि हेच मोठं काम आहे.

आता त्या पेपरवाल्यांचं बघू. 2004 साली वॉशिंग्टनमध्ये गोरे नसलेल्या पत्रकारांचं संमेलन भरलं होतं. ग्वेन आयफिल ही काळी पत्रकार तिथं व्यासपीठावर बोलता बोलता बोलून गेली की आपल्या धंद्याला हरवलेल्या गोऱ्या बाईचा रोग जडलाय. तिथून तो शब्द रूढ झाला. रोग म्हणाली खरी, पण रोग म्हटलं की माणूस बिचारा होतो, त्याचा दोष नसतो. मी तर म्हणतो हा रोग नाही, हा दुकानदारीचा हिशोब आहे. गोरी, तरुण, देखणी, बऱ्या घरची पोरगी हरवली की प्रेक्षक चिकटतो, प्रेक्षक चिकटला की साबणाची जाहिरात येते. पुढं 2022 साली तिथल्या एका पत्रकारितेच्या नियतकालिकानं, कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यूनं, यंत्रच बनवलं. आपलं वय, वर्ण, बाई का पुरुष, राहतो कुठं, एवढं भरायचं. मग ते सांगतं, तू हरवलास तर तुझ्यावर किती बातम्या येतील. थट्टा नव्हे, खऱ्या बातम्या मोजून बनवलेलं. मी भरून पाहिलं नाही.

2021 साली वायोमिंग राज्यात एक गोरी मुलगी हरवली. जगभर बातमी झाली. पोरगी मेलेली सापडली, तिच्या आईबापाच्या दुःखावर मी थुंकणार नाही. पण त्याच वायोमिंगात 2011 ते 2020 या दहा वर्षांत 710 आदिवासी हरवल्याच्या नोंदी झाल्या होत्या. हा आकडा त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या विद्यापीठाच्या अहवालात छापून आला होता. म्हणजे पोरगी हरवायच्या आधी. तो आकडा कोणाच्या जिभेवर नव्हता. गोऱ्या मुलीला शोधायला जग त्या डोंगरात गेलं, तेव्हा कुठं कोणाला तरी आठवलं की इथं आणखीही माणसं गायब आहेत.

हे काही आत्ताचं नाही. 1964 चा उन्हाळा घ्या. मिसिसिपी राज्यात काळ्यांची नावं मतदार यादीत घालायला पोरं गेली होती. 21 जूनला तिघं गायब झाली. जेम्स चेनी काळा, तिथलाच. अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर, दोघं न्यूयॉर्कचे गोरे. सुरवातीला तिथला शेरीफ काय म्हणाला असेल? की पोरं गायब झाली असतील तर कुठंतरी लपून बसली असतील, प्रसिद्धीसाठी. पण दोघं गोरे होते, न्यूयॉर्कचे होते, त्यामुळं राष्ट्राध्यक्षापर्यंत हाक गेली, आरमाराचे खलाशी दलदलीत उतरवले गेले. श्वर्नरच्या बायकोनं तेव्हाच पत्रकारांना सुनावलं होतं, एकटा चेनी हरवला असता तर तुम्ही कोणी आला नसतात. 4 ऑगस्टला तिघांची प्रेतं एका मातीच्या बांधात पुरलेली सापडली.

पण मधे जुलैत काय झालं ते ऐका. शोध चालू असताना मिसिसिपी नदीत दोन प्रेतं मिळाली. धावपळ झाली. मग कळलं, हे ते नव्हेत. हे हेन्री डी आणि चार्ल्स मूर, दोघे काळे, एकोणीस एकोणीस वर्षांचे. 2 मे रोजी क्लॅनवाल्यांनी पळवून, मारून, जिवंत नदीत टाकलेले. दोन महिन्यांहून जास्त दिवस ते पाण्यात होते आणि त्यांच्यासाठी एकही खलाशी उतरला नव्हता. दुसऱ्याला शोधताना ते चुकून सापडले. गुन्हेगाराला शिक्षा व्हायला 2007 साल उजाडलं. त्रेचाळीस वर्षं! 'फाउंड' मालिकेचं नाव वाचलं की मला ती नदी आठवते. सापडणं असंही असतं.

आता मालिकेतली जी गोष्ट मला खटकली ती. गॅबीनं आपल्याला पळवणाऱ्याला स्वतःच पकडून आपल्या घराच्या तळघरात साखळीला बांधून ठेवलाय. तो गोरा, तिचा शाळेतला मास्तर होता. त्याला म्हणायचं 'सर'. आपल्याकडच्या पोरींना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. गॅबी रात्री खाली उतरते, त्याच्यासमोर नवी केस ठेवते, पळवणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते त्याच्याकडून काढून घेते. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तो साखळीत दिसला तेव्हा मला बरं वाटलं. शेडमध्ये आम्ही टाळ्या पिटल्या. पण नंतर लॅशिंगचे रॉड सोडताना डोक्यात चक्र सुरू झालं. तळघरात कोण आहे? एक विकृत माणूस. आणि ज्यानं गॅबीसारख्या हजार पोरींची तक्रार लिहून घेतली नाही, तो कुठं आहे? तो ड्युटी संपवून घरी गेला. भाजी घेऊन गेला. त्याला साखळी नाही, तळघर नाही, हंगामाच्या शेवटी त्याचं काही होत नाही. मालिकेनं सैतान नेमका एक केला, त्याला तोंड दिलं, देखणा नट दिला. आणि ज्याला तोंडच नाही तो सुटला.

तो म्हणजे एक शब्द आहे. पळून गेली.

तिथं अँबर अलर्ट म्हणून सोय आहे. 1996 साली टेक्सासमध्ये एका लहान गोऱ्या मुलीला पळवून मारलं, तिच्या नावानं ती निघाली. मूल पळवलं गेलं की रेडिओ, टीव्ही, हमरस्त्यावरचे दिव्यांचे फलक, आता मोबाईलसुद्धा, सगळे एकदम बोंब ठोकतात. पण अट आहे. मूल पळवलं गेलंय असं पोलिसांना वाटलं पाहिजे. मूल आपणहून घर सोडून गेलं असं लिहिलं की अलर्ट नाही. आणि काळी पोरं, पोरी बघता बघता याच रकान्यात जाऊन बसतात, असं ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन ही संस्था बोंबलून सांगते. 2008 साली दोन काळ्या नणंद-भावजयांनी ती काढली. एक पोलिसात काम केलेली, दुसरी प्रसिद्धीच्या धंद्यातली. मालिकेतल्या गॅबीपेक्षा मला त्या दोघी जास्त आवडतात, कारण त्यांच्या घरात तळघर नाही.

गोरी पोरगी हरवते. काळी पोरगी पळून जाते. क्रियापद बदललं की खटला बदलतो.

मी ज्या बंदरात राबतो तिथं प्रत्येक डब्यावर नंबर असतो. चार अक्षरं, सात आकडे. बोटीवरून उतरला की टॅली क्लार्क लिहून घेतो, यार्डात ठेवला की परत लिहितो. एक डबा जागेवर दिसला नाही तर संध्याकाळपर्यंत बोंबाबोंब होते. साहेब जीप घेऊन फिरतो, शिव्या आम्हाला बसतात. आत काय असेल? प्लास्टिकच्या बादल्या. पण कोणी म्हणत नाही की डबा पळून गेला असेल, दोन दिवस वाट बघा, येईल. डब्याला मालक असतो, विमा असतो.

तिथल्या केंद्रीय पोलिसांच्या संगणकात हरवलेल्यांची नोंद वर्णानुसार होते. 2022 साली हरवल्याची नोंद झालेल्या बायका-मुलींमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त काळ्या होत्या. देशात काळी माणसं शंभरात चौदाच्या आसपास. हे निदान मोजता तरी येतं. मेक्सिको, ग्वातेमाला असल्या मुलखातून आलेल्यांना त्या नोंदीत वेगळा रकानाच नाही, बहुतेक गोऱ्यांतच घालतात. जिवंतपणी शेतात राबताना तो गोरा नसतो. हरवला की लगेच गोरा! म्हणजे माणूस एकदा गावातून गायब आणि एकदा कागदातून.

कॅलिफोर्नियानं यावर तोड काढली. 2023 पासून आदिवासींसाठी फेदर अलर्ट, 2024 पासून काळ्या तरुणांसाठी एबनी अलर्ट. मिनेसोटा राज्यानं 2023 साली हरवलेल्या आणि मारलेल्या काळ्या बायका-मुलींसाठी सरकारी कार्यालयच काढलं. हे वाचल्यावर माझं मन दोन्हीकडं ओढलं गेलं. वेगळी घंटा म्हणजे वेगळा पाणवठा झाला की काय, असं वाटलं. मग वाटलं, नाही. वेगळा पाणवठा त्यांनी लादलेला असतो, ही घंटा यांनी भांडून घेतलीय. तहान लागलेल्यानं विहीर खणली तर त्याला फुटीर म्हणू नये. पण घंटा वाजवणारा हात त्याच टेबलामागचा आहे, हेही विसरू नये.

मालिकेत मार्गारेट म्हणून एक गोरी बाई आहे, गॅबीच्याच ऑफिसात. तिचा मुलगा बसस्थानकावरून गेला. ती रोज त्या बसस्थानकावर जाऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघते. आईच्या वाट बघण्याला रंग नसतो, हे दाखवायचं असेल त्यांना. दाखवलंय चांगलं. मला मात्र माझी चुलती दिसली.

2017 साली आमच्या नानांची पोरगी गेली. पंधरा वर्षांची. क्लासला गेली ती आलीच नाही. नाना आणि मी चौकीत गेलो. हवालदारानं वर न बघता विचारलं, "कुठल्या वस्तीतले रे तुम्ही?" सांगितलं. मग म्हणाला, "पोरीचं काय लफडं होतं का? पळून गेली असेल. दोन दिवस थांबा, येईल." नाना हात जोडून "साहेब, साहेब" करत राहिले. नाना गोदीतले जुने माणूस, दोन मणाची गोण पाठीवर घेतलेले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा वाकलेलं पाहिलं. 2013 च्या मे महिन्यातच सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं होतं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलंय असं धरून गुन्हा नोंदवा. ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. हवालदाराला माहीत असणार. आम्ही फोटो झेरॉक्स करून खांबाखांबाला चिकटवले. चुलती रोज स्टेशनच्या पुलावर जाऊन उभी राहायची.

नवव्या दिवशी पोरगी परत आली. पहाटे, दुसऱ्याच कोणाची तरी चप्पल पायात. कुठं होती, कोण होतं, ती बोलली नाही, आणि आईनंही नंतर विचारणं सोडलं. चौकीतल्या वहीत ओळ पडली की मुलगी स्वखुशीनं परत आली. संपलं. पळून गेली होती, आपणहून आली, गुन्हा कुठं झाला?

आता ती तेवीस वर्षांची आहे. गेल्या गणपतीत आमच्याकडं आली होती. मी मोबाईलवर मालिका लावलेली, तीही खांद्यामागून बघायला लागली. गॅबी तळघरात उतरते तो प्रसंग चालू होता. मला वाटलं, उठून जाईल. नाही गेली. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "दादा, ही बाई सुटून घरी आली तेव्हा चाळीतले लोक काय म्हणाले, ते दाखवलंय का यांनी?"

मी म्हटलं, अगं, तिथं चाळ नसते.

"तरी पण," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.