कुत्रा लिटरमध्ये मोजत नाहीत

घरी कुत्रा आहे, असं गाडीच्या शोरूममध्ये एकदा सांगून पाहा. समोरचा मुलगा पुढचं काही ऐकायच्या आत तुम्हाला तिथल्या सर्वांत उंच गाडीपाशी नेऊन उभं करतो. "मॅडम, पेट आहे ना, मग एसयूव्हीच घ्या." कुत्रा केवढा आहे, तो गाडीत बसतो की उभा राहतो, म्हातारा झाल्यावर त्याला उचलून आत ठेवणार कोण, गाडी रोज कुठल्या रस्त्यावर चालणार, यातलं काहीही तो विचारत नाही. कुत्रा म्हणजे मोठी गाडी आणि मोठी गाडी म्हणजे उंच गाडी, हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं असतं. आपल्याही असतं, म्हणून तर देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त आता याच अवताराच्या असतात.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याला गाडी चालवायची मनापासून हौस आहे आणि ज्याच्या घरी चांगला ऐसपैस कुत्रा आहे, त्याने उंच गाडीच्या नादी लागू नये. चालवायला जी गाडी मजेची, तीच बहुतेक वेळा कुत्र्यालाही सोयीची असते: ठेंगणी, हलकी आणि मागचं दार पूर्ण वर उघडणारी.

मी साताऱ्यात राहते आणि कोरेगावला कॉलेजात फिजिक्स शिकवते. रोजचा रस्ता माहुलीच्या पुलावरून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून. रविवार मिळाला की यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढे, बामणोलीच्या अंगाला. मागे भिंगरी असते. भिंगरी कारवान जातीची. लातूर-सोलापूरकडे ही शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखला जाणारा आणि 2005 मध्ये टपाल तिकिटावर आलेला कुत्रा हिच्याच भावकीतला. खांद्यापाशी सव्वादोन फूट उंची, पाय काटकुळे, पोट पाठीला लागलेलं. या जातीला लॅब्रेडॉरसारखं मांडी घालून बसणं फारसं जमत नाही. ती एक तर उभी राहते, नाही तर सरळ आडवी होते. मऊ सीटवर उभं राहिलं की पाय रुततात आणि वळणावर तोल जातो. म्हणजे हिला हवी ती सपाट, घट्ट जमीन आणि डोक्यावर मोकळी जागा. सीटच्या गादीचं तिला कौतुक नाही.

आता कंपन्या जागा कशी मोजतात ते पाहा. माहितीपत्रकात डिक्की लिटरमध्ये दिलेली असते. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोन्ही सेडान आपल्या चाकणला बनतात, चालवायला झकास आहेत आणि दोघींची डिक्की 521 लिटर. मारुती स्विफ्टची त्याच्या जवळपास निम्मी, 265 लिटर. आकड्यावर गेलात तर सेडान घ्याल. पण सेडानची डिक्की ही बंद पेटी. तिथे बॅगा जातात, जीव नाही. त्या 521 लिटरपैकी कुत्र्याच्या वाट्याला शून्य येतात. उलट स्विफ्टची मागची सीट पाडली की डिक्की आणि माणसांची जागा एक होते. कुत्रा काही ओतून भरायचा नसतो. त्याला लागते ती लांबी, रुंदी आणि दाराची उंची, आणि हे तीन आकडे कुठल्याच माहितीपत्रकात धड सापडत नाहीत.

गाड्या उंच होत गेल्या आणि डिक्क्या आखडल्या, यात गिऱ्हाईकाच्या आवडीइतकाच सरकारचा हात आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत. हेतू चांगला होता. पण तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या रस्त्यासाठी कमी आणि त्या चार मीटरच्या पट्टीसाठी जास्त आखल्या जाऊ लागल्या. 2008 मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती आणि तिची डिक्की 440 लिटरची. 2012 मध्ये नवी डिझायर आली ती 3995 मिलिमीटरची, डिक्की 316 लिटर. कातर नेमकी मागच्या बाजूला चालली. जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ तशीच राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून नवे दर लागू झाले, त्यातही रेघ तीच: अलीकडे 18 टक्के, पलीकडे 40.

यातली गोम अशी की कर लांबीवर आहे. चार मीटरच्या आत राहून गाडी हवी तेवढी उंच करा, एक पैसा जास्त द्यावा लागत नाही. मग कंपन्यांनी तेच केलं. लांबी वाढवता येईना, तेव्हा गाडी वर वाढली. मालक वर बसला, त्याला रुबाब वाटला, आणि मागे कुत्र्याला पसरायला लागणारी फूटभर जागा गेली ती गेलीच.

खरं तर या कामाची गाडी जगात केव्हाच तयार आहे. स्टेशन वॅगन: सेडानएवढी ठेंगणी, पण छप्पर शेवटपर्यंत नेलेलं आणि मागे दार. आपल्याकडेही ती येऊन गेली. टाटांची इस्टेट, नंतर इंडिगो मरिना, मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. एकही टिकली नाही. दारात रुग्णवाहिका उभी असल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणायचे. ज्या देशात गाडी आधी शेजाऱ्यांसाठी घेतली जाते, तिथे वॅगनला दिवस बरे येणं अवघडच होतं.

मग मजेचं काय? अनेकांच्या लेखी मजा म्हणजे एक्स्प्रेस वेवर सुईने गाठलेला आकडा. मला ती घाटात भेटते, आणि तिथे ताशी चाळीससुद्धा पुष्कळ होतात. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला जास्त कलते. चालवणाऱ्याला स्टिअरिंग धरायला असतं आणि पाठीला सीटचा आधार असतो. मागे चार काटक्यांवर उभ्या असलेल्या कुत्र्याला यातलं काहीच नसतं. ठेंगणी गाडी कमी कलते, म्हणून कुत्रा कमी घसरतो, आणि नेमक्या त्याच गुणामुळे ती चालवायलाही गोड लागते. यवतेश्वरच्या चढावर भिंगरीच्या नखांचा रबरी मॅटवर खर्र असा आवाज आला की समजावं, ब्रेक उशिरा लागला. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात पाय हलका, बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर. आवाज न होऊ देता घाट चढण्यात जी गंमत आहे, ती दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनात असेलच असं नाही. आणि असं चालवलं की कुत्र्याला ओकारीही कमी होते. निघायच्या आधी तीन-चार तास खायला दिलं नाही, तर बहुधा होतच नाही.

गाडी कुठलीही असो, कुत्रा बांधलेला हवा. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आपटून जागच्या जागी थांबली, तर आत मोकळ्या असलेल्या कुत्र्याला बसणारा तडाखा सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याएवढा असतो. हे बारावीचं गणित आहे, कुणीही करून पाहावं. त्यात तीस किलोचा लॅब्रेडॉर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीवर येऊन आदळला, तर दोघांचंही काही खरं नाही. म्हणून छातीला हार्नेस आणि त्याचा पट्टा सीटबेल्टच्या बकलमध्ये. गळपट्टा बांधू नये, मान जाते. पुढच्या सीटवर तर कुत्रा नकोच. एअरबॅग माणसाच्या मापाने बनवलेली असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणाऱ्या हौशी मंडळींबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत.

चढ-उताराचाही विचार करावा. तरुण कुत्रा कुठेही उडी मारतो. खरा त्रास उतरताना होतो, सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. डिक्कीचा उंबरा जितका उंच तितका खांद्या-कोपरांना मार जास्त. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांची खुब्याची दुखणी तर ठरलेली. कुत्रा दहा वर्षांचा होतो तेव्हा त्याचा मालकही दहा वर्षांनी म्हातारा झालेला असतो, आणि तीस किलोचं ओझं छातीएवढ्या उंचीवर ठेवायचं काम कुणाच्या कमरेला येतं ते सांगायला नको.

मी शेवटी घेतली ती वापरलेली होंडा जॅझ, 2015 नंतरच्या मॉडेलांपैकी, मॅजिक सीटवाली. या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे मागच्या सीटची गादी उभी दुमडून पाठीला टेकवता येते आणि खाली जमिनीपासून छतापर्यंत मोकळी जागा निघते. भिंगरी तिथे उभी राहते, कंटाळली की आडवी होते, पुढच्या सीटची पाठ तिला टेकायला मिळते. पाहुणे आले की गादी खाली पाडायची, झाली पाच माणसांची गाडी. इंजिन 1.2 लिटरचं, खालच्या फेऱ्यांवर जरा आळशी, पण ताणलं की खुलतं, आणि गिअर लोण्यासारखे पडतात. एवढी अक्कलहुशारीची सीट, पण ही गाडी 2023 मध्ये भारतात बंद झाली. आपण उंच गाड्यांच्या रांगेत उभे होतो.

ज्यांना नवीच हवी त्यांनी चार मीटरच्या आतल्या हॅचबॅक आधी बघाव्यात: टाटा अल्ट्रोझ, ह्युंदाई आय20, बलेनो. सीएनजी घेणार असाल तर टाकी डिक्कीत किती जागा खाते ते डोळ्यांनी पाहा. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा, जुनी चादर अंथरा आणि कुत्र्याला बसवूनच फेरी मारा. खिशात मेजपट्टी असू द्या. सीट पाडल्यावर मध्ये पायरी राहते की जमीन सपाट होते, मागे एसीचे व्हेंट आहेत का, तेही बघा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत दहा मिनिटांत दहा अंश वाढतात, दोन बोटं काच खाली ठेवून भागत नाही. आणि भिंगरीसारखे आखूड केस सीटच्या कापडात सुईसारखे रुततात. भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून फिरवला की निघतात, व्हॅक्यूमला दाद देत नाहीत.

एक आक्षेप रास्त आहे: आपले रस्ते. प्रत्येक गावाच्या वेशीवर बेकायदा गतिरोधक आणि पावसाळ्यानंतर खड्डेच खड्डे. ठेंगणी गाडी पोटाला घासते. ज्यांचा रोजचा रस्ताच तसा आहे त्यांनी स्कोडा कायलॅक किंवा मारुती फ्रॉंक्स बघावी. दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स 190 मिलिमीटरच्या आसपास आहे, चार मीटरच्या आत आहेत, आणि टर्बो इंजिन घेतलं तर मजाही देतात. पण हा रस्त्यांनी लादलेला पर्याय आहे. खड्डे बुजवायचे पैसे वाचावेत म्हणून आपण गाड्या उंच करत सुटलो आहोत, आणि ते पैसे भरतोय गाडी घेणारा.

खरी संधी विजेच्या गाड्यांत आहे. त्यांच्यावर जीएसटी 5 टक्के, मग लांबी कितीही असो. चार मीटरची रेघ तिथे नाहीच. बॅटरी खाली असते, म्हणून गुरुत्वमध्य खाली आणि जमीन सपाट. कुत्र्यासाठी यापरतं दुसरं काय हवं? एमजी विंडसर 4295 मिलिमीटर लांब आहे आणि आत जागा भरपूर. पण चालवायची हौस भागवेल अशी लांब, ठेंगणी, मागून दार असलेली गाडी सामान्य माणसाच्या किमतीत अजून कुणी आणलेली नाही. कराचं कारण संपलं, तरी सवय सुटलेली नाही.

तेव्हा मागणं दोघांकडे आहे. सरकारने पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा कर लांबीऐवजी वजनावर लावावा. जड गाडी इंधन जास्त पिते आणि धडकेत समोरच्याला जास्त चिरडते, लांब गाडी नव्हे. आणि कंपन्यांनी लिटरच्या शेजारी तीन आकडे छापावेत: उंबऱ्याची जमिनीपासून उंची, दाराची उंची आणि सीट पाडल्यावरची सपाट लांबी. त्याला कसलं संशोधन लागत नाही, फक्त मेजपट्टी लागते. तोवर शोरूममध्ये ती आपणच लावू या. विक्रेत्याला जरा ताटकळावं लागलं तरी चालेल.