नाच बसवणार कोण?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. आमच्या शेलूबाजारच्या भागातही तेच. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत मुलींचा तराना बसवत होतो. त्यांच्यातली एक कुबडी घेऊन चालायची. मी तिला कडेला खुर्चीवर बसवलं आणि हातात झेंडा दिला. पाहुण्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, एकाने शंभराची नोटही दिली. मला वाटलं, मोठं पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, पोरींचे हात चुकत होते. मला सगळं पाठ होतं. मला शिकवायला सांगितलं असतं तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिला स्टेजवर जागा देताना मी तिचं मत विचारलंच नव्हतं.

दिव्यांग कलावंताकडे आपण बहुतेक वेळा असंच पाहतो. सुधा चंद्रन यांचं उदाहरण प्रत्येक शिक्षक देतो. 1981 च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. जिद्द मोठीच, पण त्यातून आपण सोयीचा धडा घेतला: दिव्यांगाने जिद्द धरावी आणि आपल्यासारखं व्हावं. आपण काय बदलायचं, हा प्रश्न राहूनच गेला.

आपल्याच वाशिम जिल्ह्यातल्या केकतउमऱ्याकडे पाहा. तिथल्या ‘चेतन सेवांकुर’ या अंध मुलांच्या ऑर्केस्ट्राचं नाव जिल्ह्यात बहुतेकांनी ऐकलेलं आहे. चेतन उचितकर हा स्वतः अंध असलेला तरुण त्याचा चेहरा आहे. ही मुलं वाजवतात, गातात, लोकांसमोर बोलतात. कार्यक्रम त्यांचा असतो. कुणाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसवलेली ती मुलं नसतात. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणलं, तेव्हा अंध माणूस अभिनय करू शकतो का, ही शंका मिटली. आता पुढची पायरी हवी. असं नाटक उद्या अंध दिग्दर्शकाने बसवावं.

"दिसत नसताना बसवणार कसं?" असं कुणी विचारेल. संगीतकार रवींद्र जैन जन्मापासून अंध होते. ‘चितचोर’ची गाणी आणि ‘रामायण’ मालिकेचं संगीत त्यांचं. डोळस वादक आणि गायक त्यांच्या सांगण्यानुसार वाजवत आणि गात होते.

आणि माझ्या समाजाला तर हे नवीन असूच नये. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम दृष्टिहीन होते. ते मदिनेत अजान देत. पैगंबर साहेब शहराबाहेर जाताना अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. त्यांना सहानुभूती नाही, अधिकार दिला गेला होता. हा किस्सा आपण बयानात ऐकतो, सुब्हानअल्लाह म्हणतो, आणि घरातल्या अधू मुलाला पाहुण्यांसमोर आणायलाही कचरतो.

कायदाही बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या 29 व्या कलमात दिव्यांग कलावंतांना सोयी, पाठबळ आणि प्रायोजकत्व देण्याची, कला विषयांचे अभ्यासक्रम त्यांना सामावून घेतील असे बदलण्याची तरतूद आहे. पण कायद्याचं कलम गावातल्या स्टेजच्या पायऱ्या चढत नाही. ते काम आपलं आहे.

फार पैसा लागत नाही. स्टेजला पायऱ्यांसोबत एक उतार करा. संमेलनाच्या समितीत एक दिव्यांग विद्यार्थी घ्या, आणि गाणी ठरवताना त्याला बोलू द्या. स्पर्धेला परीक्षक बोलावताना दिव्यांग कलावंताचा विचार करा, आणि त्याला शाल-श्रीफळाऐवजी इतरांइतकंच मानधन द्या. ‘पाहा, बिचारा असूनही किती छान’ हे निवेदन तर आजच बंद करता येईल.

आमच्याकडे नाच म्हटलं की काहींच्या भुवया उंचावतात. ठीक आहे, नाच नको तर तराना घ्या, मुशायरा घ्या, नाट्यछटा घ्या. प्रश्न प्रकाराचा नाहीच. बसवणार कोण, हा आहे.

ती मुलगी आता शाळेत नाही. पण त्यानंतर माझ्याकडे जेव्हा जेव्हा संमेलनाचं काम आलं, तेव्हा मी आधी वर्गात विचारतो, "यंदा कोण बसवणार?" आणि मग कडेच्या बाकाकडे बघून थोडा वेळ थांबतो.