हनुवटी की जबडा, हे आधी ठरू द्या

लग्नसराई जवळ आली की नांदेड-लातूरच्या फोटो स्टुडिओंत बायोडाटासाठी फोटो काढून घेणाऱ्यांची वर्दळ वाढते. पूर्वी रंग थोडा उजळ करून द्या, एवढीच मागणी असे. आता मोबाइलमधले फिल्टर हनुवटीही पुढे ओढून देतात. मग प्रश्न पडतो, फोटोत जे दिसते ते चेहऱ्यावरच का करून घेऊ नये? हनुवटीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेची चौकशी हल्ली इथेच सुरू होते. चौकशी करण्यात गैर काही नाही. आपला चेहरा कसा असावा हे ज्याचे त्याने ठरवायचे, त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाक खुपसण्याचे कारण नाही. मात्र ज्या फोटोवरून निर्णय होतो, तो फोटोच खोटे बोलत असेल तर?

अमेरिकेत डॅलस येथील वैद्यकीय केंद्रातील डॉक्टरांनी 2022 मध्ये हे मोजून पाहिले. सुमारे 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सरासरी 6.4 टक्के लांब आणि हनुवटी सुमारे 12 टक्के आखूड दिसत होती. कॅमेऱ्याच्या जवळ जे असते ते मोठे दिसते, एवढेच त्यामागचे भौतिकशास्त्र. तेव्हा हनुवटी खरोखर मागे आहे का, हे पाहायचे तर पाच फुटांवरून दुसऱ्या कोणाकडून समोरचा आणि बाजूचा फोटो काढून घ्यावा. काहींचा प्रश्न तिथेच मिटेल.

ज्यांचा मिटणार नाही, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे : लहान काय आहे, हनुवटी की अख्खा खालचा जबडा? वरून दोन्ही सारखेच दिसते, उपचार मात्र वेगळे. दात एकमेकांवर नीट बसत असतील आणि फक्त टोक मागे असेल, तर तो हनुवटीचा प्रश्न. वरचे दात बरेच पुढे येत असतील, पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटत नसेल, झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकणे असेल, तर जबडाच मागे राहिलेला असू शकतो. अशा वेळी आधी दातांना तारा आणि नंतर जबड्याची शस्त्रक्रिया, असा दीड-दोन वर्षांचा रस्ता असतो. तो टाळून नुसती हनुवटी पुढे केली, तर बाजूने चेहरा बरा दिसेल. चावणे आणि श्वास जिथल्या तिथेच राहील.

मागे राहिलेल्या जबड्याचे एक कारण ग्रामीण भागात अजूनही दुर्लक्षित आहे. मूल बाजेवरून, झाडावरून किंवा बैलगाडीवरून हनुवटीवर पडते. हनुवटीला दोन टाके पडतात, जखम भरते, घरचे विसरून जातात. पण हनुवटीला बसलेला मार वर कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. तिथले हाड मोडून सांधा हळूहळू जखडला, तर तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटते. पुढे वयात आल्यावर ही मुले ‘हनुवटी नाही’ म्हणून डॉक्टरकडे येतात. त्यांना सौंदर्यशस्त्रक्रिया नव्हे, सांधा मोकळा करणारी शस्त्रक्रिया आधी लागते. पडल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत मुलाचे तोंड आधीपेक्षा कमी उघडत असेल किंवा उघडताना जबडा एका बाजूला ओढला जात असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. वेळेत कळले तर अनेकदा तोंड उघडण्याच्या व्यायामावर भागते.

जबडा ठीक आहे आणि हनुवटीच लहान आहे असे ठरले, तर मार्ग साधारण तीन. पहिला फिलरचा : त्वचेखाली जेलसारखा पदार्थ टोचून उठाव आणायचा. तो काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत टिकतो. भुलीची गरज नसते म्हणून तो ‘किरकोळ’ समजला जातो, आणि घोटाळा होतो तो याच समजुतीने. सुई रक्तवाहिनीत गेली तर त्वचा काळी पडून मरू शकते. क्वचित दृष्टीवरही बेतते. त्यावरचा उतारा हाताशी असलेल्या डॉक्टरखेरीज कोणीही, विशेषतः पार्लरमध्ये, फिलर टोचू नये.

दुसरा मार्ग इम्प्लांटचा. सिलिकॉनचा तुकडा हनुवटीच्या हाडापुढे बसवतात. शस्त्रक्रिया तुलनेने लहान. पण जंतुसंसर्ग होणे, तुकडा सरकणे आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने खालचे हाड झिजणे, हे धोके राहतात.

तिसरा मार्ग हाडाचा. खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन दातांच्या मुळांखाली हनुवटीचे हाड आडवे कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची पट्टी व स्क्रूंनी पक्के करतात. तोंडाच्या आतून हे करण्याची पद्धत हुगो ओब्वेगेसर यांनी 1957 मध्ये रूढ केली, तेव्हा ती नवखी नक्कीच नाही. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण पूर्ण भूल लागते आणि हाड कापले जाते, हे ‘लहानशी सर्जरी’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

पहिले दोन-तीन दिवस सूज चढत जाते आणि आरशात पाहून पश्चात्ताप होतो. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी हे करून घेण्यात काही अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात पेज, ताक, पातळ वरण. कडक भाकरी आणि शेंगदाणे त्यानंतरही काही दिवस दूरच. प्रत्येक खाण्यानंतर चूळ. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना नेणारी नस कापलेल्या हाडाजवळूनच जाते, म्हणून तिथे बधिरपणा येतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, काहींचा थोडासा कायम राहतो. ओठावर सांडलेला चहा कळत नाही, ही तक्रार ऐकायला छोटी वाटते; रोज जगायला ती छोटी नसते.

गुटख्याचा उल्लेख इथे करावाच लागतो. राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि टपरीवर तो मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. सुपारी-गुटख्याने तोंडाचे आतले अस्तर ताठ होते, तोंड कमी उघडते. अशा रुग्णाला भूल देण्यासाठी नळी घालणेच अवघड होते. तंबाखूने जखमही उशिरा भरते. भूलतज्ज्ञाने विचारल्यावर घरचे समोर आहेत म्हणून ‘नाही’ म्हणणारा तरुण आपलाच जीव धोक्यात घालतो.

मग जायचे कोणाकडे? हे काम प्लास्टिक सर्जनचे किंवा जबडा-चेहरा शस्त्रक्रियेत एमडीएस केलेल्या दंतवैद्याचे. मराठवाड्याला ही विद्या परकी नाही. लातूरमध्ये डॉ. विठ्ठल लहाने यांनी दुभंगलेल्या ओठांच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या आहेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. दातांची ठेवण आणि जबड्याचे मोजमाप तिथे होऊ शकते. शस्त्रक्रिया हैदराबादला किंवा पुण्याला करायची ठरली तरी हे पहिले मत घरच्या गावात घेऊन जावे. तिथून परतल्यावर आठव्या दिवशी टाक्यातून पू आला तर पाहणार कोण, हेही निघण्याआधीच ठरलेले असावे. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. सुजलेल्या तोंडाने तो प्रवास पुन्हा करणे सोपे नाही.

पैशाच्या बाबतीत कायद्यानेच रेघ मारली आहे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर लागतो आणि आरोग्य विमा ती सहसा नाकारतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यामुळे बिघडलेली रचना पूर्ववत करणे करातून वगळले आहे. म्हणजे ‘हनुवटी की जबडा’ या निदानाचा परिणाम बिलावरही होतो. ते निदान लेखी मागून घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजावल्याशिवाय घेतलेली संमती ग्राह्य नाही. तरीही संमतिपत्र अनेकदा इंग्रजीत असते आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी, सलाईन लावताना पुढे केले जाते. ते मराठीत, निदान दोन दिवस आधी मिळाले पाहिजे. ते घरी नेऊन, बधिरपणाची ओळ दोनदा वाचून सही करणाऱ्या रुग्णाला कोणत्याही चांगल्या सर्जनने नाही म्हणू नये.