सुनावणीस जातांना

देवळांत, मंगलकार्यांत आणि वडील माणसांपुढें कसें वागावें हें आपल्या घरांतून मुलांना लहानपणींच शिकविलें जातें. परंतु अधिकाऱ्यापुढील सुनावणीस कसें वागावें याचें शिक्षण बहुधा कोणीच देत नाहीं. प्रसंग मात्र सुशिक्षित घरांवर पुष्कळदां येतो. वडिलार्जित जमीन बोदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणाभोवतीं असते, आणि भावंडें नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस असतात. कर्ता पुरुष निवर्तला कीं वारसाचा फेरफार घालावा लागतो, नोटिसा निघतात, आणि १५ दिवसांत कोणी हरकत घेतली तर तारीख पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १५० व्या कलमाप्रमाणें असा वाद अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्यानें शक्यतों एका वर्षाच्या आंत निकालांत काढावयाचा असतो.

अशा वेळीं पुकाऱ्यापूर्वीं हजर असावें. सात-बाराचे उतारे, मृत्यूचा दाखला व जुने फेरफार तारखेच्या क्रमानें लावलेले असावेत. म्हणणें लेखी द्यावें व त्याची पोंच घ्यावी. बोलावयाचें तें अधिकाऱ्यास उद्देशून बोलावें. प्रतिपक्षाशीं परस्पर वाद घालूं नये, आणि वरिष्ठांच्या ओळखी तर मुळींच सांगूं नयेत. जबाब वाचल्यावांचून त्यावर सही करूं नये. आपलें एखादें विधान लिहून घेतलें गेलें नसेल, तर तें नोंदवावें अशी विनंती शांतपणें करावी. त्यांत उद्धटपणा नाहीं. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरिष्ठांकडे अपील करतां येतें. मग दालनांत आवाज चढवून काय साधावयाचें?

परंतु एवढें सांभाळूनहि एक मर्यादा मोडली जाते, आणि ती मोडणारे बहुधा घरचेच असतात. अधिकारी बहिणीस विचारतात, आणि ती तोंड उघडण्यापूर्वींच वडील बंधु सांगून मोकळे होतात, ‘ताईला कांहीं नको आहे.’ ताई खालीं मान घालते, आणि पाहणाऱ्यांस हा घरंदाजपणा वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क दिला, आणि विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तो निःसंदिग्ध केला. हा हक्क सोडावयाचा तर नोंदणी केलेलें हक्कसोडपत्र लागतें; भावाच्या तोंडच्या शब्दानें तो जात नाहीं. फेरफाराच्या नोंदीनेंहि मालकी ठरत नाहीं; म्हणून आज दडपलेला प्रश्न उद्यां दिवाणी न्यायालयांत उभा राहतो, आणि तोंवर भाऊबीज बंद झालेली असते.

सुनावणी या शब्दांतच ऐकून घेणें आहे. ज्याला विचारलें त्यानेंच उत्तर द्यावें, आणि इतरांनीं तें पुरें होईपर्यंत थांबावें, हा तेथील पहिला शिष्टाचार होय. आमची वाचकांस सूचना इतकीच, कीं तारखेच्या आदल्या दिवशीं सर्व भावंडांनीं एकत्र बसावें आणि सर्वांत धाकट्या बहिणीस प्रथम बोलूं द्यावें. तिनें हिस्सा मागितला तरी जेवणाचें पान तिच्यासाठीं पूर्वींसारखेंच मांडलें जावें.