मामाच्या गावातली पेनेलोपी

जपानातल्या इचिकावा शहरात मामा नावाची वस्ती आहे. नाव ऐकून मराठी पोरं खुदकन हसतात. तिथं त्सुगिहाशी म्हणून लाल कठड्यांचा एक पूल आहे, चार पावलांत संपणारा. चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ सालच्या चित्रात त्याच्याखाली पाणी दिसतं. आज पाणी नाही, पूल मात्र राखलेला आहे. ज्यावरून जायची गरज उरली नाही तो पूल लोक का राखतात, हे कळलं की ग्रीक पुराणकथांविषयीचा आमचा नेहमीचा वादही निम्मा मिटेल.

इथं इचिकावातल्याच ग्योतोकुत काय नि एदो नदीपलीकडे निशिकासाईत काय, मराठी माणसं जमली की हा वाद निघतोच. मुलं कार्टून नि गेममधून झ्यूस, अथीना, पोसायडन घरी घेऊन येतात. मग कुणीतरी म्हणतं, "घरचं महाभारत सोडून ही गोऱ्यांची गाठोडी कशाला उचलायची?" पूर्वपक्ष एवढाच आहे, पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १८५५च्या आय.सी.एस. परीक्षेत ग्रीकला ७५० गुण होते आणि संस्कृतला ३७५. ग्रीक विद्येचा वापर आपल्याला खुजं ठरवण्यासाठी झाला, हे खरंच आहे.

पण वापर वाईट झाला म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचंच उदाहरण घ्या. रामायण होमरवरून उचललं आहे, असा तर्क जर्मन पंडित वेबर यांनी मांडला. त्याला तेलंगांनी १८७३ साली मुंबईतून उत्तर दिलं, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. बायको पळवली, धनुष्य वाकवलं, एवढ्या साम्यावर उसनवारी सिद्ध होत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. होमर दाराबाहेर ठेवून हे उत्तर लिहिता आलं असतं का? रामायणाची बाजू लढवायची तर ग्रीक कथा माहीत असावीच लागली.

म्हणजे दुसरं टोकही तितकंच पोकळ आहे. 'जे जे सारखं, ते ते ग्रीसहून आलं' हा हट्ट जपानातही झाला. एका जपानी कथेत युरिवाका नावाचा सरदार युद्धाहून परतताना बेटावर टाकला जातो. पुढं तो ओळख लपवून घरी येतो, आपलं अजस्र धनुष्य ओढतो आणि दगाबाजांना संपवतो. ही ओडिसीच आहे, असं लेखक त्सुबोउची शोयो यांनी १९०६ साली म्हटलं. वाद अजून चालू आहे. पण उगम शोधण्याच्या नादात 'या कथेत वेगळं काय?' हा खरा प्रश्न मागं राहतो.

तिसरा आक्षेप असा, की आज या कथांची फक्त नावं उरली आहेत. मियाझाकींची नाउसिका पाहा. १९८२ साली सुरू झालेल्या या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, नायिकेचं नाव ओडिसीतलं. तराफा फुटून किनाऱ्याला लागलेल्या ओडिसियसला आधार देणारी ती राजकन्या. पण मियाझाकींनी तिच्यात एका जुन्या जपानी कथेतली, सुरवंटांवर जीव लावणारी मुलगी मिसळली. परकी राजकन्या आली आणि तिनं घरातली विसरलेली पोर पुन्हा बोलती केली. याला नुसतं नाव उरणं कसं म्हणायचं?

आता मंडन. उएदा अकिनारीच्या १७७६ सालच्या 'उगेत्सु मोनोगातारी'तली एक कथा याच मामातली आहे. कात्सुशिरो रेशीम विकायला क्योतोला निघतो आणि शरदात परत येतो म्हणून बायकोला, मियागीला, शब्द देतो. युद्ध पेटतं, सात वर्षं जातात. तो परततो तेव्हा घरात दिवा असतो, बायको असते, दोघं रडतात, झोपतात. पहाटे जाग येते तर छप्पर उडालेलं, जमिनीतून गवत उगवलेलं, आणि आत मियागीची समाधी.

शेजारी ओडिसियसची बायको पेनेलोपी ठेवून पाहा. तिचा नवरा वीस वर्षांनी येतो. मधल्या काळात ती दिवसा विणते, रात्री उसवते आणि १०८ मागणीदारांना झुलवत ठेवते. तिच्याकडे वाडा आहे, मुलगा आहे, माग आहे. ओडिसियस राजा आहे, तो धनुष्य ओढून सगळ्यांना संपवतो. कात्सुशिरो साधा विक्रेता. युद्धात राजाची बायको वाचते, विक्रेत्याची जाते. अकिनारीनं हे कुठंही सांगितलेलं नाही, पण पेनेलोपी शेजारी ठेवल्यावर ते दिसल्यावाचून राहत नाही.

त्याच कथेत एक म्हातारा मियागीची तुलना तेकोनाशी करतो. तेकोना ही आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात आलेली मामाची मुलगी. जाडीभरडी वस्त्रं, अनवाणी पाय, विहिरीवरून पाणी आणणारी. मागणीदारांची एवढी गर्दी झाली की तिनं पाण्यात जीव दिला. हेलनच्या मागणीदारांना शपथ घातली गेली आणि त्या शपथेतून ट्रॉयचं युद्ध झालं. आपली अंबा आगीत उतरली आणि शिखंडी होऊन भीष्मासमोर उभी राहिली. तेकोनासाठी ना कुणी शपथ घेतली, ना तिनं सूड घेतला. पुरुषांच्या हट्टाची किंमत कोण चुकवतं, याची ही तीन उत्तरं. एकच कथा जाणणाऱ्याला तो प्रश्नच पडणार नाही.

त्सुगिहाशी पूल पलीकडे जाण्यासाठी नव्हे, थांबून पाहण्यासाठी राखला जातो; तसंच ग्रीक कथा मूळ म्हणून नकोत, मुकुट म्हणून तर नकोतच. घासून पाहण्याचा कसोटीचा दगड म्हणून त्या हव्यात, कारण आपलं सोनं त्यावरच नीट पारखता येतं. मुलांना रात्री पेनेलोपी सांगा, अंबाही सांगा, आणि येत्या रविवारी त्यांना मामाला घेऊन जा. तिथं तेकोनाचं देऊळ आहे. जिनं संसारच मांडला नाही, तिच्यापुढं आज बायका सुखरूप बाळंतपणासाठी हात जोडतात.