दारावर वाळणारे कडे

डिसेंबर जवळ आला की आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एकाच धाटणीचा फोटो येऊ लागतो. पांढरे दार, त्यावर हिरवेगार गोल कडे, त्यात सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या, तांबडी फळे, खाली साटिनच्या फितीचा बो. सोबत निरोप: अगदी अस्संच हवं, वीस तारखेच्या आत. सोसायट्यांतून, हॉटेलांतून, कंपन्यांच्या रिसेप्शनवरून ही मागणी येते आणि मागणाऱ्यांत ख्रिस्ती घरे थोडीच असतात. मग आपण क्रॉफर्ड मार्केट गाठतो, प्लॅस्टिकच्या पाइनचे तयार कडे घाऊक भावात उचलतो, त्यावर खऱ्या फुलांचे चार गुच्छ तारेने आवळतो आणि ‘नॅचरल’ म्हणून बिल फाडतो. गिऱ्हाईक खूश, आपणही मोकळे.

प्लॅस्टिक वाईट, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. मला खटकते ते वेगळेच. खरा माल वापरायचा म्हटले की आपल्या डोक्यात फक्त ताजा माल येतो. लग्नाचा मंडप, गणपतीची आरास, दसऱ्याचा झेंडू, सगळे एक-दोन दिवसांचे. कोमेजले की संपले. दारावर तीन-चार आठवडे राहायचे ते ताज्या फुलांचे होऊ शकत नाही, मग प्लॅस्टिकशिवाय पर्याय काय, असा हा हिशेब आहे. वाळल्यावर चांगले दिसेल असे काही बांधण्याचा विचारच आपल्या धंद्यातून निघून गेला आहे.

कोकणातल्या घरांतून मात्र तो गेलेला नाही. दसऱ्याला किंवा कोजागरीला तिथे ‘नवं’ बांधतात. भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुर्डूचे तुरे, झेंडू, हे सगळे आंब्याच्या पानासोबत बांधायचे आणि दाराला, देव्हाऱ्याला, विहिरीला, आता गाडीलाही लावायचे. बऱ्याच घरांत ते पुढच्या नव्यापर्यंत तसेच राहते. त्यात फार दिवस टिकणार नाही असा झेंडू आहे, वळून तपकिरी होणारे पान आहे आणि वर्षभर रंग धरून ठेवणारा कुर्डूही आहे. बांधणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते. दारावर काय टांगावे याचे इतके शहाणे उत्तर आपल्याच दारात असताना आपण फोटोतल्या पाइनच्या मागे लागतो, याचे मला नवल वाटते.

आणि नाताळच्या कड्याचे एक मूळ तर पाहा. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिश विखेर्न हा धर्मोपदेशक ‘राउहेस हाउस’ ही गरीब मुलांची संस्था चालवत असे. नाताळची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी १८३९ साली त्याने एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. फरच्या डहाळ्या त्यावर पुढे काही वर्षांनी चढल्या. चाक हाताशी होते म्हणून चाक. आणि तिथल्या हिवाळ्यात दुसरे फारसे काही हिरवे नसते म्हणून फर. त्या कड्याची खरी नक्कल करायची तर आपणही आपल्या नोव्हेंबरात हाताशी काय आहे ते पाहायला हवे.

हाताशी पुष्कळ आहे, आणि सुरुवात द्राक्षबागेपासून करू. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फळछाटणी. दोन्ही वेळा बागेतून काड्यांचे भारे निघतात. बहुतेक काड्या बांधावर पेटवल्या जातात, नाहीतर बारीक करून खतात जातात. युरोप-अमेरिकेत कड्याचा सांगाडा म्हणून द्राक्षवेलीच्या काड्यांना मोठा मान आहे, तशी तयार कडी तिथे दुकानांत मिळतात. आपण मात्र लोखंडी तारेचे नाहीतर थर्माकोलचे कडे विकत घेतो, आणि तेही अशा राज्यात राहून जिथे देशातली सर्वात जास्त द्राक्षे पिकतात.

काडी कापल्यापासून एक-दोन दिवसांत वळली तर पाण्यात घालावी लागत नाही. वाळली असेल तर रात्रभर हौदात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच लांब काड्या घ्या. पहिलीचे वर्तुळ करून टोक तिच्याच भोवती अडकवा, पुढची प्रत्येक काडी मागच्या काडीला पीळ देत फिरवा, आणि दर वेळी वेगळ्या जागेपासून सुरू करा, म्हणजे कडे एका बाजूला जाड होत नाही. तार लागत नाही, सुतळी लागत नाही. वेलीचे तणावे मुळीच छाटू नका. त्या कुरळ्या दोऱ्यांतच पुढचा माल अडकतो, आणि नुसते कडे भिंतीवर लावले तरी त्यांच्यामुळे शोभते. सावलीत आठवडाभर सपाट ठेवून वाळवा. टांगून वाळवले तर अंडाकृती होते.

बागायतदाराशी बोलताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वेलीवर राहिलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेच्या भाषेत पेस्टिंग. हे द्रव्य विषारी आहे. आपल्याला हवी ती छाटून खाली पडलेली काडी, पेस्टिंगच्या आधी उचललेली. तीही स्वच्छ धुऊन घ्या, कारण हंगामभराच्या फवारण्या आणि बोर्डो मिश्रणाचा निळसर थर तिच्यावर असतो. दुसरे म्हणजे भोके पडलेली किंवा कापसासारखा पांढरा पुंजका दिसणारी काडी घेऊ नका. खोडकिडा आणि मिलीबग यांनी बागायतदार आधीच बेजार आहेत. एका बागेतला भारा टेम्पोत टाकून दुसऱ्या बागेत काड्या गोळा करायला गेलात, तर पुढच्या वर्षी कोणी फाटकाच्या आत घेणार नाही.

द्राक्षपट्टा लांब असेल तर घाणेरी आहे. डोंगरउतारावर, माळावर, रस्त्याच्या कडेला तिचा नुसता उच्छाद झाला आहे आणि ती कापली तर कोणाचे नुकसान नाही. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर तिच्या काठ्या उकळून, साल सोलून टेबल-खुर्च्या बनवतात; मग कड्याचे ते काय! मात्र काडी घ्यायची, फळ घ्यायचे नाही. अमेरिकेत आशियाई बिटरस्वीट नावाच्या वेलीची नारिंगी फळे कड्यांवर फार खपतात. टाकून दिलेल्या कड्यांवरची ती फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया दूरवर पडल्या, आणि ती वेल तिथल्या रानात झाडांचे गळे आवळत पसरली त्यात या कड्यांचाही हात आहे. घाणेरीची पिकलेली काळी फळे आपण शहराच्या दारोदार टांगली तर वेगळे काही होणार नाही.

आता भरणाचा माल. कुर्डू बाजरीच्या नाहीतर तुरीच्या शेतात तण म्हणून उभा असतो. तुरा अर्धा फुललेला असताना कापून जुड्या करून सावलीत उलटा टांगला, तर गुलाबी-पांढरा रंग धरून ठेवतो. कोंबड्याचे तुरे आणि गोंफ्रिनाही तसेच. भाताची लोंबी, बाजरीचे कणीस पूर्ण पिकण्याआधी काढा, उशिरा काढले तर हात लावताच दाणे झडतात. नीलगिरीची जून डहाळी ग्लिसरीनमध्ये मुरवून पाहा. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, देठाचे टोक ठेचून चार-पाच इंच बुडवायचे आणि एक ते तीन आठवडे विसरून जायचे. पान तपकिरी-शेवाळी होते पण मऊ राहते, चुरगळत नाही. कोवळी पालवी या द्रावणात मान टाकते, तिच्यावर ग्लिसरीन वाया घालवू नका.

सुरूबद्दल एक इशारा. दिसायला ती पाइनसारखी, कोकणपट्टीत आणि गोव्यात नाताळचे झाड म्हणूनही तिची फांदी लावतात, म्हणून कड्यातही घालायचा मोह होतो. पण वाळली की तिची सुईसारखी डहाळी सांध्यांत तुटून खाली कचरा करते. तिची बोंडे घ्या, ती वर्षानुवर्षे टिकतात. सागाची कागदी फुग्यासारखी फळे, शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, नीलमोहराच्या चपट्या लाकडी शेंगा, रिठे, बेहडे, हे झाडाखाली पडलेले मिळते. सगळे दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या दारातून टोके निघतात आणि फोन आपल्याला येतो. दाण्यांच्या कणसांना उंदीर लागतात, तळमजल्याच्या दारासाठी ती टाळलेली बरी.

आणि गुंज नको. लाल रंग, काळा डोळा, चकाकी, कधीही फिका न पडणारा दाणा, कड्यावर तो इतका शोभतो की हात आपोआप जातो. पण तो दाणा चावला गेला तर त्यातले अब्रिन जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बोंडांचे आणि धोतऱ्याच्या काटेरी फळाचेही तेच. दारावरचे कडे मुलांच्या हाताच्या उंचीवर येते, दाणे गळून पायरीवर पडतात. तांबडा रंग हवाच असेल तर वाळवलेली बेडगी मिरची आहे. ती लावतानाही हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, हे सांगायला नको.

रचनेचे एकच सांगतो. आपल्याकडे पांढऱ्या फुलांचे गच्च भरलेले वर्तुळ दिसले की माणसाला श्रद्धांजली आठवते. दारावर तसे काही दिसले तर शेजारी विचारपूस करायला येतील. म्हणून कडे पूर्ण भरू नका. खालचा एक तृतीयांश भाग भरा, तोही मध्यापासून थोडा बाजूला, आणि उरलेली वेल उघडी ठेवा. माल कमी लागतो, हा वरचा फायदा.

माल कुठून आणायचा, यावर जरा सविस्तर बोलायला हवे, कारण चांगली कल्पना धंद्यात आली की रान ओरबाडले जाते. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती माटोळी म्हणजे रानातल्या फळाफुलांचे चालतेबोलते ज्ञान. तिच्या स्पर्धा सुरू झाल्यावर उत्साह वाढला, तशी दुर्मीळ फळे ओरबाडली जाण्याची काळजीही जाणकार बोलून दाखवू लागले. अमेरिकेच्या ईशान्य भागात क्लबमॉस नावाची जमिनीलगत वाढणारी वनस्पती नाताळच्या कड्यांसाठी इतकी उपटली गेली की न्यूयॉर्क राज्यात तिला संरक्षण द्यावे लागले.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलातून आणलेले पान, फूल, फळ हे सगळे वनोपज धरले जाते. राखीव वनात शिरून पोते भरून बोंडे आणणे हा निरुपद्रवी छंद नाही. दुसरीकडे २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना दिला आहे. तेव्हा स्वतः टेम्पो घेऊन जाण्यापेक्षा गावातल्या गटाकडून, ग्रामसभेमार्फत माल घ्या आणि योग्य भाव द्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला आंब्याची पाने आणि लोंब्या घेऊन फुटपाथवर रात्र काढणाऱ्या बायका पालघरकडच्या पाड्यांतून येतात. नोव्हेंबरात त्यांच्या मालाला गिऱ्हाईक नसते. आपण तेव्हा वाळलेल्या शेंगांची मागणी नोंदवली तर त्यांना बरे पडेल आणि आपल्याला निवडक माल मिळेल. माझ्यापुरते मी जंगलापेक्षा शेताच्या बांधाला आणि शहराच्या फुटपाथला आधी पसंती देतो. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या आवारात पडणाऱ्या शेंगांवर दहा कडी सहज निघतील.

फुले खोचायच्या हिरव्या फोमचे काय, असे विचारणारी पत्रे येतात. वाळलेल्या कड्याला तो लागतच नाही. ताज्या कामातही त्याचा मोह सुटायला हवा. तो प्लॅस्टिकच आहे, कुजत नाही, चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या सगळ्या प्रदर्शनांतून तो बाद केला. ग्लू गनही शक्य तितकी बाजूला ठेवा. बोंड वेलीत खोचता येत नसेल तर बारीक सुतळीने बांधा. गोंद लावलेले कडे खतात टाकता येत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तो गोंद तसाही दोन-तीन आठवड्यांत सुटतो.

भावाचा प्रश्न राहिला. प्लॅस्टिकचे कडे स्वस्त पडते, हे खरे. सरावलेल्या माणसाला वेलीचे बारा इंची कडे वळायला अर्धा तास आणि भरायला तासाभराहून जास्त लागतो. हे तास बिलात वेगळे दाखवा, मालात मिसळू नका. त्याच बिलाच्या पाठीमागे तीन ओळी लिहून द्या: ऊन आणि पाऊस लागू देऊ नये, पाने तपकिरी होणारच, महिन्यानंतर सुतळी सोडून भरण कुंडीत टाकावे आणि कडे परत आणावे. रिकामे कडे परत आणणाऱ्याला पुढच्या वेळी सूट द्यायला हरकत नाही. संक्रांतीला त्यातच ज्वारीचा हुरडा नाहीतर हरभऱ्याचे डहाळे बांधून नवी ऑर्डर घेता येते.

उशिराच्या बागांतली फळछाटणी आता थोडेच दिवस चालेल. तेव्हा ज्यांना काड्या हव्यात त्यांनी याच आठवड्यात बागायतदाराला फोन करावा. हा हंगाम हुकला तर खरड छाटणी आहेच, पण त्या काड्या डिसेंबरपर्यंत सांभाळायच्या असतील तर लगेच कडी वळून ठेवा. सुट्या भाऱ्यांना गोदामात जागाही लागते आणि भुंगेरेही.