आधी तीन फूट खणा, मग खिशात हात घाला

शेतात एकाच जागी ज्वारीची, कपाशीची कोवळी पाने दरसाल पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुकानदार यंदा एक बाटली देतो, पुढल्या साली दुसरी. पैसा पानावर जातो आणि दुखणे राहते जमिनीच्या पोटात. काळ्या रानात अशा जागी खाली बहुधा चुनखडीचा थर निघतो, नाहीतर चोपण जमिनीचा पट्टा.

माती परीक्षणाचा कागद आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक नमुना ठरला, कोरडवाहूत १० हेक्टरांमागे एक! म्हणजे सुमारे २५ एकरांत एक नमुना, तोही वरच्या १५ सेंटिमीटरचा. कपाशीचे मूळ मात्र तीन फूट खाली जाते. बागायतदाराला एक माप आणि कोरडवाहूला दुसरे, हा न्याय मातीतही पाळला गेला.

म्हणून आमचे सांगणे आहे : उन्हाळ्यात कुदळ-पहार घ्या. पिवळ्या जागी एक आणि चांगल्या जागी एक, असे तीन फुटांचे दोन खड्डे घ्या. पांढरे खडे कितव्या फुटाला लागतात ते पाहा. दोन्हीकडची माती वेगवेगळ्या वाटीत घेऊन वर शिरका टाका. काळी माती थोडीफार फसफसतेच; जी जोरात फसफसेल, तिथे चुनखडी जास्त.

दुसरी परीक्षा चोपणाची. काचेच्या पेल्यात साठवलेले पावसाचे पाणी घ्या. विहिरीचे नको, त्यातले क्षार खरे चित्र झाकतात. त्यात सुके ढेकूळ हळूच सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळच राहिले तर सोडियमचा संशय धरा.

दोन दुखण्यांना औषध एक नाही. चोपणाला जिप्सम लागते. नुसत्या चुनखडीत जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत पुरणे. तिथे लोह-जस्ताची फवारणी कामी येते, आणि संत्र्याची बाग लावायचा विचार तर सोडलेलाच बरा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात दोन्ही दुखणी एकाच रानात भेटतात. तिथे घाई अधिकच महाग पडते.

शिरका आणि पेला दुखणे कुठे आहे ते दाखवतात, किती आहे ते सांगत नाहीत. ते प्रयोगशाळेनेच सांगितले पाहिजे. तेव्हा जिल्हा बैठकीला येताना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फुटाच्या मातीच्या तीन पुड्या बांधून, वर खोली लिहून आणा. कोरडवाहूच्या प्रत्येक खातेदाराचा नमुना तीन फुटांपर्यंत तपासा, ही मागणी आपण रिकाम्या हाताने करायची नाही. पुड्या टेबलावर ठेवून करायची.